फ्रेंच बचाव, क्लासिकल प्रकार: साखळी दोनदा फोडायला शिका

फ्रेंच बचाव म्हणजे बुद्धिबळात पांढऱ्याच्या ई४ ला काळ्याने ई६ ने उत्तर देण्याची सुरुवात. त्याबद्दल क्लबमध्ये दोन तक्रारी हमखास कानावर येतात. एक, काळ्याचा सी८ वरचा उंट डावभर कोंडून पडतो. दुसरी, डाव रटाळ होतो. दुसरी तक्रार निखालस चुकीची आहे. पहिली अर्धीच खरी. उंट कोंडतो तो बहुतेक वेळा काळ्याच्याच हातून, एखादे प्यादे नको तिथे पुढे सारल्यामुळे. म्हणून या लेखात चालींची लांबलचक यादी दिलेली नाही. १८८५ चा एक डाव सावकाश, कारणांसकट उलगडायचा आहे. त्याच्या आधी पाया आणि नंतर एक जीवघेणा सापळा पाहू. एवढे नीट पचले तर फ्रेंच घेऊन स्पर्धेत बसायला हरकत नाही.

शेजारी खराखुरा पट मांडून घ्या. स्क्रीनवर चाली भराभर सरकतात आणि डोळा फसतो. खुणा नेहमीच्याच आहेत: रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. प्याद्याला खूण नाही. × म्हणजे मारले, + म्हणजे शह, ०-० म्हणजे राजाच्या बाजूचा किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे), ०-०-० वजिराच्या बाजूचा. घराचे नाव म्हणजे उभ्या पट्टीचे अक्षर (ए ते एच) आणि आडव्या ओळीचा आकडा. तीन टिंबे म्हणजे चाल काळ्याची, आणि कंसातली पट्टी किंवा घर सांगते की मोहरा कुठून निघाला.

पायरी १: पहिल्या चाली आणि त्यामागचे कारण

१. ई४ ई६. काळा लगेच भिडत नाही, पुढच्या चालीला डी५ खेळायची तजवीज करतो. २. डी४ डी५. आता ई४ च्या प्याद्यावर हल्ला आहे आणि पांढऱ्याला काहीतरी ठरवावेच लागते. ३. घो-सी३ खेळून त्याने प्याद्याला जोर दिला आणि काळ्याने ३... घो-एफ६ ने दबाव वाढवला की क्लासिकल प्रकार सुरू झाला. तिसऱ्या चालीला काळ्याने ३... उं-बी४ खेळले तर तो विनावर. त्याचा स्वभाव अगदी वेगळा आहे, आज त्यात शिरत नाही.

बचावाला फ्रेंच हे नाव मिळाले ते लंडन आणि पॅरिस या शहरांमध्ये १८३४ साली सुरू झालेल्या पत्रव्यवहाराच्या सामन्यावरून. शामुये नावाच्या खेळाडूने पॅरिसच्या संघाला ही चाल गळी उतरवली. पॅरिसने सामना जिंकला आणि नाव कायमचे चिकटले.

पायरी २: चौथ्या चालीचा दुभाजक

इथे पांढऱ्यापुढे दोन मोठे रस्ते आहेत.

पहिला, ४. ई५. घोड्यावर हल्ला आला की त्याला हलावेच लागते. ४... घो-ई४ दिसायला झोकदार आहे, पण ५. घो×ई४ डी×ई४ झाल्यावर ई४ चे प्यादे एकटे पडते आणि त्याची राखण करण्यात डाव निघून जातो. म्हणून ४... घो(एफ)-डी७. घोडा मागे गेला म्हणून हळहळू नका. डी७ वरून तो सी५ च्या मोहिमेला मदत करतो आणि ई५ च्या प्याद्यावरही डोळा ठेवतो. पुढे ५. एफ४ सी५. याला स्टाइनिट्झ प्रकार म्हणतात.

दुसरा, ४. उं-जी५. पांढरा काळ्याचा घोडा बांधून ठेवतो (तो हलला तर मागच्या वजिरावर हल्ला येतो) आणि ई५ ची धमकी देतो. काळ्याचे साधे उत्तर ४... उं-ई७. बर्नच्या नावाचा ४... डी×ई४ आणि मॅककचनचा ४... उं-बी४ हेही चालतात, पण सुरुवातीला एकच शाखा पक्की करा. ४... उं-ई७ ५. ई५ घो(एफ)-डी७ ६. उं×ई७ व×ई७ ही शाखेची सरळ वाट. इथे काळ्याचा चांगला, म्हणजे काळ्या घरांचा उंट पटावरून गेला आणि कोंडलेला पांढऱ्या घरांचा उंट मागे राहिला. हा सौदा काळा का पत्करतो? पांढऱ्याचाही एक हल्लेखोर मोहरा गेला, आणि काळ्याला किल्लेकोट करून सी५ खेळायला पुरेसा वेळ मिळाला.

माझ्या मते शिकणाऱ्याने ४. ई५ ची रचना आधी समजून घ्यावी. दोन्ही रस्ते शेवटी एकाच प्रकारच्या मध्यभागाशी पोचतात: पांढऱ्याची डी४ आणि ई५, काळ्याची डी५ आणि ई६ वर अडलेली प्यादी.

पायरी ३: साखळी कुठे फोडायची

पांढऱ्याची साखळी, म्हणजे तिरक्या रेषेत एकमेकांना जोर देणारी प्यादी, डी४ पासून ई५ पर्यंत जाते. बूड डी४ वर, टोक ई५ वर. काळ्याचे हत्यार त्याप्रमाणे दुहेरी आहे. सी५ खेळून बुडावर घाव घालायचा आणि एफ६ खेळून टोकावर. सी५ सगळेच खेळतात, पुस्तकात पहिल्या पानावर असते. एफ६ मात्र अर्धे लोक विसरतात, आणि उरलेल्यांपैकी बरेच जण चुकीच्या वेळी खेळतात.

चुकीची वेळ म्हणजे काय? राजा ई८ वरच असताना एफ६ खेळलात की एच५ ते ई८ ही तिरकी रेषा उघडी पडते. पांढऱ्याचा वजीर एच५ वर येऊन शह देतो, तुम्हाला जी६ खेळावे लागते आणि राजाभोवतीची भिंत ढासळते. म्हणून एफ६ आधी एच५ चे घर कोणाच्या ताब्यात आहे ते पाहायचे.

घाईने किल्लेकोट करणेही तितकेच धोक्याचे. एफ६ वर घोडा नसल्यामुळे एच७ च्या प्याद्याला राजाशिवाय कोणी वाली नसतो. पांढऱ्याचा उंट डी३ वर, घोडा एफ३ वर आणि वजीर एच५ कडे जाऊ शकणारा असेल, तर उं×एच७+ रा×एच७, घो-जी५+ आणि मग व-एच५ हा जुनाच हल्ला येतो. प्रत्येक वेळी तो चालतोच असे नाही. जी५ वर काळ्याचा उंट किंवा वजीर पहारा देत असेल तर गणित बदलते. पण किल्लेकोट करण्याआधी हे गणित करायलाच हवे, घड्याळ कितीही पळत असो.

आता कोंडलेल्या उंटाचे. त्याला बाहेर काढायचे दोन मार्ग आहेत. बी६ आणि उं-ए६ खेळून त्याची पांढऱ्याच्या उंटाशी अदलाबदल करणे, हा पहिला. एफ६ ने मध्य उघडल्यावर उं-डी७, उं-ई८ आणि मग जी६ किंवा एच५ ही लांबची सफर, हा दुसरा. दोन्ही मार्ग वेळ खातात, आणि दोन्हींसाठी प्यादी योग्य जागी लागतात. हेच पुढच्या डावात दिसेल.

पायरी ४: बाल्टिमोर, १८८५

पांढऱ्याकडे विल्हेम स्टाइनिट्झ. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, झुकरटोर्टला हरवून तो पहिला अधिकृत जगज्जेता झाला. काळ्याकडे बाल्टिमोरचा अलेक्झांडर सेलमन, १८८३ च्या लंडन स्पर्धेत खेळलेला तगडा खेळाडू. पटावर मांडत चला.

१. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. घो-सी३ घो-एफ६ ४. ई५ घो(एफ)-डी७ ५. एफ४ सी५ ६. डी×सी५

आज पांढऱ्या बाजूचे खेळाडू बहुधा ६. घो-एफ३ खेळून डी४ ला जोर देतात. स्टाइनिट्झने स्वतःच साखळीचे बूड सोडून दिले. डी४ वरचे प्यादे गेले, पण डी४ चे घर घोड्यासाठी मोकळे झाले. हा हिशोब ध्यानात ठेवा, डावाचा सगळा उत्तरार्ध त्याच्यावर उभा आहे.

६... उं×सी५ ७. घो-एफ३ ए६ ८. उं-डी३ घो-सी६ ९. व-ई२

इथे थांबा आणि काळ्याची चाल स्वतः ठरवा. किल्लेकोट केलात तर एच७ वरचे गणित आत्ताच करावे लागेल. सी५ चे काम झाले आहे, म्हणून मला ९... एफ६ खेळावेसे वाटते. १०. ई×एफ६ घो×एफ६ झाल्यावर ई६ चे प्यादे मागे राहते खरे, पण घोडा एफ६ वर येऊन एच५ चे घर राखतो, हत्तीसाठी एफ पट्टी उघडते आणि सी८ च्या उंटाला पुढेमागे डी७, ई८ कडे जायची आशा राहते. प्यादे थोडे अशक्त, पण मोहरे जिवंत.

सेलमन वेगळ्या वाटेने गेला.

९... घो-बी४ १०. उं-डी२ बी५ ११. घो-डी१ घो×डी३+ १२. सी×डी३

काळ्याने घोडा देऊन पांढऱ्याचा चांगला उंट घेतला. कागदावर दोन उंटांची जोडी त्याच्याकडे आली. पण ज्या घोड्याने पटावर तीन उड्या मारल्या तोच खर्ची पडला, आणि पांढऱ्याला सी पट्टी पूर्ण उघडून मिळाली. दोन उंटांची जोडी म्हणजे फायदा हे ऐकीव वाक्य कामाला येत नाही, ते अशाच वेळी. एक उंट कोंडलेला असेल तर जोडी कसली?

१२... व-बी६ १३. बी४

अख्ख्या डावातली माझी सर्वांत आवडती चाल. सी५ वरच्या उंटावर हल्ला, शिवाय सी५ चे घर काळ्याच्या मोहऱ्यांसाठी कायमचे बंद. उंट डी४ वर गेला तर १४. घो×डी४ व×डी४ १५. उं-सी३ ने वजीर पळत सुटतो, आणि काळ्या घरांचा एकुलता एक राखणदारही गेलेला असतो.

१३... उं-ई७ १४. ए३ एफ५

डाव इथे हातातून गेला, जरी एकही मोहरा मेलेला नाही. एफ५ खेळून काळ्याला वाटले असेल की राजाची बाजू बंद झाली, आता हल्ला नाही. हल्ला खरेच होत नाही. पण एफ६ चा घावही आता कधीच घालता येणार नाही. काळ्याची डी५, ई६ आणि एफ५ ही प्यादी पांढऱ्या घरांवर गोठली, आणि त्यांच्यामागे पांढऱ्या घरांचा उंट. दोन घरे सरकलेले ते प्यादे पांढऱ्याला वाटेतच, म्हणजे एफ६ वर, मारायची संधी होती. त्याने ती घेतलीही नाही, कारण मध्य बंद राहणे त्याच्याच फायद्याचे होते.

१५. ह-सी१ उं-बी७ १६. उं-ई३ व-डी८ १७. घो-डी४ घो-एफ८ १८. ०-० एच५

सहाव्या चालीत मोकळे केलेले डी४ चे घर घोड्याने घेतले. त्याला तिथून हाकलायला काळ्याकडे प्यादे नाही: सी५ चे गेले आणि ई६ चे अडकले. ई६ वर हल्ला आला म्हणून काळ्याचा घोडा एफ८ वर जाऊन पहारेकरी झाला. एच५ ने जी४ रोखले, पण त्यामुळे जी५ चे घरही पांढऱ्या घोड्याला बहाल झाले. ते त्याने लगेच घेतले नाही. डावाच्या शेवटी घेतले.

आता पुढच्या पाच चाली फक्त पांढऱ्याच्या बाजूने पाहा.

१९. घो-सी३ २०. घो-बी१ २१. घो-डी२ २२. घो(डी२)-बी३ २३. घो-ए५

डी१ वरचा घोडा पाच उड्या मारून ए५ वर पोचला. मधली एक उडी चक्क बी१ वर, म्हणजे सुरुवातीच्या घरात. इतकी वळणे का? घोड्याला बी३ वर जायचे होते आणि सरळ वाटा बंद होत्या: ए४ आणि सी४ दोन्ही काळ्याच्या प्याद्यांच्या माऱ्यात. डी४ वरचा दुसरा घोडा हलवला तर ई६ वरचा दबाव सुटला असता. म्हणून हा आडवळणाचा प्रवास. बंद डावात एवढा वेळ घेता येतो, कारण समोरच्याकडे करायला काही उरलेले नसते. काळ्याने दरम्यान १९... रा-एफ७ २०... जी६ २१... घो-डी७ २२... ह-सी८ खेळले. प्रत्येक चाल समजण्यासारखी, आणि एकीनेही परिस्थिती बदललेली नाही.

२३... उं-ए८

ए५ च्या घोड्याने बी७ वर हल्ला केला म्हणून उंट कोपऱ्यात सरकला. त्यानंतर डाव संपेपर्यंत तो ए८ वरून हललाच नाही. कोंडलेला उंट म्हणजे काय, याचे एवढे ढळढळीत उदाहरण शोधून सापडायचे नाही.

२४. ह×सी८ व×सी८ २५. ह-सी१ व-बी८ २६. व-सी२ उं-डी८

एका हत्तीची अदलाबदल झाली. दुसरा पांढरा हत्ती सी१ वर आला, मागून वजीर. काळ्याचा एच८ चा हत्ती मात्र अजून पहिल्या जागी. सी पट्टीवर दोघांविरुद्ध एकटा वजीर, आणि सी७ चे घर राखायला उंटाला डी८ वर जावे लागले.

२७. घो(ए५)-सी६ व-बी७ २८. घो×डी८+ ह×डी८ २९. व-सी७

सी६ वरच्या घोड्याने वजीर आणि उंट दोघांवर एकदम हल्ला केला. डी८ वर उंट मारताना शहही दिला आणि वजिरावर नेमही धरला, म्हणून हत्तीने मारणे भागच होते. काळ्या घरांचा शेवटचा राखणदार गेला. व-सी७ नंतर डी७ चा घोडा सातव्या ओळीत राजासमोर बांधला गेला.

२९... व-बी८ ३०. उं-एफ२ व-बी६ ३१. घो-एफ३

एका दगडात दोन पक्षी. घोडा डी४ वरून हलताच एफ२ च्या उंटाची तिरकी रेषा थेट बी६ च्या वजिरापर्यंत उघडली, आणि घोडा स्वतः जी५ च्या वाटेला लागला. अठराव्या चालीत एच५ खेळून मोकळे केलेले तेच जी५.

३१... व×सी७ ३२. ह×सी७ रा-ई८ ३३. घो-जी५ घो-एफ८ ३४. उं-सी५ घो-डी७ ३५. उं-डी६, आणि काळ्याने डाव सोडला.

प्यादी अजून दोन्हीकडे सारखीच आहेत, तरी काळा का शरण गेला ते तपासा. ई६ चे प्यादे आता मरणार. ३५... घो-एफ८ खेळून राखायला गेले तर ३६. उं×एफ८ रा×एफ८ ३७. घो×ई६+ ने राजा आणि डी८ चा हत्ती एकाच वेळी सापडतात. आणि ए८ चा उंट अजूनही तिथेच.

पायरी ५: चौदाव्या चालीवर परत या

१४. ए३ नंतरची स्थिती पुन्हा मांडा. काळ्याची चाल आहे. एफ५ वगळून दोन पर्याय तपासा. एक, ०-० करून मग एफ६. दुसरा, लगेच डी४. माझा कल डी४ कडे आहे: बी७ वर येणाऱ्या उंटाला डी५, ई४, एफ३ अशी लांब तिरकी रेषा मिळते. डी४ चे प्यादे वजीर राखतो, म्हणून घोड्याने मारले तर घोडा जातो. बदल्यात ई४ चे घर पांढऱ्या घोड्याला सापडते, तिथून तो डी६ वर नजर लावतो. ही किंमत जास्त की कमी, ते वाचून कळणार नाही. मित्राला समोर बसवून दोन्ही पर्याय दोन्ही बाजूंनी खेळा, प्रत्येकी पंधरा मिनिटांचे घड्याळ लावून. इंजिनला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाला, विचाराल ते त्यानंतर. आधी विचारलेत तर आकडा लक्षात राहील, कारण नाही.

पायरी ६: उं-जी५ च्या वाटेवरचा सापळा

४. उं-जी५ उं-ई७ ५. ई५ घो(एफ)-डी७ नंतर पांढरा कधीकधी उंट न मारता ६. एच४ खेळतो. ही अलेखाइन आणि शतार यांच्या नावाने ओळखली जाणारी चढाई. पांढरा एक प्यादे फुकट देऊ करतो.

जुलै १९१४, मानहाइम. एकवीस वर्षांचा अलेक्झांडर अलेखाइन आणि स्वित्झर्लंडचा हान्स फार्नी. फार्नीने प्यादे घेतले: ६... उं×जी५ ७. एच×जी५ व×जी५ ८. घो-एच३ व-ई७ ९. घो-एफ४ घो-एफ८ १०. व-जी४. काळ्याकडे एक प्यादे जास्त. पण वजीर दोनदा हलला, राजाच्या बाजूचा घोडा तिसऱ्यांदा, आणि एच पट्टी पांढऱ्या हत्तीसाठी सताड उघडी. पुढे १०... एफ५ ११. ई×एफ६ जी×एफ६ १२. ०-०-० सी६. ही सी६ नीट पाहा. फ्रेंच खेळणाऱ्याने बाराव्या चालीपर्यंत सी५ खेळलेच नाही आणि शेवटी प्यादे एकच घर सरकवले. एफ६ कडची तोडफोड झाली ती पांढऱ्याच्या सोयीने. १३. ह-ई१ नंतर राजा डी८ वर पळाला, पण मध्य उघडल्यावर तिथेही आसरा उरला नाही. अलेखाइनने अठराव्या चालीत ई४ वर उंट दिला आणि बाविसाव्या चालीला घोडा थेट ई८ वर, काळ्या राजाशेजारी आणून बसवला. राजा त्याला मारू शकत नव्हता, कारण मागून ई१ चा हत्ती रोखलेला होता. २३. व-डी६+ ला फार्नीने डाव सोडला.

त्या स्पर्धेचा शेवटही अर्धवटच राहिला. ऑगस्टच्या सुरुवातीला पहिले महायुद्ध भडकले, स्पर्धा थांबवली गेली आणि अकरा फेऱ्यांत साडेनऊ गुणांनी आघाडीवर असलेल्या अलेखाइनसह रशियन खेळाडूंना जर्मनीत अडकवून ठेवले गेले.

तुमच्यावर ६. एच४ आले तर काय कराल? प्यादे घेऊ नये असा नियम नाही, पण तयारी नसेल तर घेऊ नका. ६... सी५ ही माझ्या मते सर्वांत सरळ चाल. त्यावर ७. उं×ई७ आले तर वजिराने न मारता ७... रा×ई७ ने मारा. विचित्र दिसते, पण वजिराने मारले तर ८. घो-बी५ येऊन सी७ आणि डी६ दोन्हीकडे नेम धरतो. किल्लेकोट गेला तरी मध्य बंद असेपर्यंत राजा ई७ किंवा एफ८ वर निभावून नेतो. ज्यांना राजा उघड्यावर पाहवत नाही त्यांनी ६... ए६ खेळून आधी बी५ चे घर बंद करावे.

पायरी ७: आजची मुख्य वाट

स्पर्धेत तुमच्यासमोर बहुधा हे येईल: ४. ई५ घो(एफ)-डी७ ५. एफ४ सी५ ६. घो-एफ३ घो-सी६ ७. उं-ई३. पांढरा डी४ ला शक्य तितका जोर देतो. काळ्याकडे इथे दोन भरवशाच्या योजना आहेत. ७... सी×डी४ ८. घो×डी४ उं-सी५ खेळून डी४ वरच्या घोड्यावर दबाव आणायचा, मग ०-०, आणि पांढऱ्याने वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला तर ए६ व बी५ ने त्याच्या राजाकडे प्यादी सोडायची. किंवा ७... ए६ खेळून आधी बी५ ढकलायचे आणि सी पट्टी केव्हा उघडायची ते आपल्या हातात ठेवायचे. घाई ज्यांना मानवते त्यांनी पहिली घ्यावी.

हा प्रकार फक्त जुन्या डावांत शोभतो असे कोणी म्हणालेच, तर त्याला २४ डिसेंबर २००० ची तेहरानमधली लढत दाखवा. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या जागतिक विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात अलेक्सी शिरोवच्या ई४ ला विश्वनाथन आनंदने फ्रेंचने उत्तर दिले आणि डाव स्टाइनिट्झ प्रकारात गेला. काळ्या मोहऱ्यांनी आनंदने तो जिंकला, सामना साडेतीन विरुद्ध अर्ध्या गुणाने संपवला आणि जगज्जेता होणारा पहिला भारतीय ठरला.

समोरच्याने क्लासिकलमध्ये येऊच दिले नाही तर

हे अनेकदा होईल, विशेषतः रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळेच्या डावांत. ३. ई×डी५ ई×डी५ झाले तर खुशाल असू द्या: सी८ च्या उंटाची वाट आपोआप उघडली. उं-डी६, घो-ई७ आणि किल्लेकोट करून शांतपणे खेळा. बरोबरीच्या भीतीने उगाच डोंगर पोखरायला जाऊ नका. ३. ई५ आले तर ३... सी५ ४. सी३ घो-सी६ ५. घो-एफ३ व-बी६. लक्ष्य तेच, डी४. आणि ३. घो-डी२ ला ३... घो-एफ६ ४. ई५ घो(एफ)-डी७ ५. उं-डी३ सी५ ६. सी३ घो-सी६ ७. घो-ई२ सी×डी४ ८. सी×डी४ एफ६. आठ चालींत दोन्ही घाव घालून झाले. ९. ई×एफ६ ला घो×एफ६ ने मारा, एच७ आणि एच५ दोन्ही घरे राखली जातात, आणि मग उं-डी६ व किल्लेकोट.